प्रभागातल्या बागेत उन्हाळी उपक्रम: यादीआधी वेळापत्रक

पुण्याच्या एका उपनगरातून तुम्ही विचारले आहे की, प्रभागात महापालिकेचे सुमारे दीड एकराचे उद्यान आहे, आसपासच्या खासगी शिबिरांचे शुल्क पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेले आहे, आणि म्हणून एप्रिल-मे महिन्यांत या उद्यानात सर्वांसाठी खुले उन्हाळी उपक्रम चालवावेत असे रहिवाशांच्या मनात आहे. उद्यान विभागाला हिरवळीची काळजी आहे, समोरच्या इमारतीला आवाजाची, आणि तुमच्या गटापाशी मल्लखांबापासून रोबोटिक्सपर्यंत बत्तीस उपक्रमांची यादी तयार आहे, पण त्यांतले कोणते घ्यावेत यावर एकमत होत नाही. मी एका नगरपालिकेच्या उद्यान विभागात बावीस वर्षे पर्यवेक्षक होतो आणि निवृत्तीनंतर गेली काही वर्षे निरनिराळ्या वस्त्यांमध्ये असेच उपक्रम उभे करायला मदत करतो. त्या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचा प्रश्न उपक्रम निवडण्याचा वाटत असला तरी खरी अडचण ती नाही. उन्हाळ्यात बागेचा वापरण्याजोगा वेळ फार थोडा असतो आणि तो आधीच कोणाच्या तरी ताब्यात असतो. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. मधल्या तेरा तासांपैकी मुलांनी उघड्यावर धावावे असे तास सकाळचे अडीच आणि संध्याकाळचे दोन-अडीच एवढेच उरतात. सकाळच्या तासांवर फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचा आणि योगवर्गाचा हक्क प्रस्थापित झालेला असतो, संध्याकाळच्या तासांवर लहान मुलांना झोपाळ्यावर आणणाऱ्या आयांचा आणि क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्या मुलांचा, आणि या दोन्ही वेळा माळ्याला पाणी घालण्यासाठीही हव्या असतात. बत्तीस उपक्रमांची यादी घेऊन तुम्ही या गर्दीत शिरलात तर पहिल्याच आठवड्यात भांडण होईल. म्हणून आधी बागेचे वेळापत्रक ठरवावे आणि त्यात बसतील तेवढेच उपक्रम घ्यावेत.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सकाळी नऊनंतर बाहेर काही घेण्याचा विचारही करू नये. कोकणात पारा कमी दिसतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि मुले लवकर थकतात. शाळांच्या सुट्ट्याही सारख्या नाहीत. राज्य मंडळाच्या शाळांची परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबते, तर सीबीएसईच्या अनेक शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते, त्यामुळे सगळी मुले एकदम मोकळी असतात असे दिवस प्रत्यक्षात मे महिन्याचेच. शिवाय बाग कोणत्या जातीची आहे हेही पाहावे लागते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले, चालत चालत पाहण्याचे उद्यान आहे; तिथे लगोरी मांडणे म्हणजे देवघरात पतंग उडवण्यासारखे होईल. पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावते, त्यामुळे तिथे मुलांना बोलवावेच लागत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची बाग या दोन्हींपैकी नाही. एक मोठे लॉन, कडेने चालण्याचा मार्ग, एका कोपऱ्यात खेळणी, दुसऱ्या कोपऱ्यात उघडी माती आणि चार-पाच मोठी झाडे, असे तिचे रूप आहे. अशा बागेत पुष्कळ काही करता येते.

वेळापत्रकासाठी मी नेहमी एकच पद्धत वापरतो आणि ती तुम्हीही वापरावी. सलग तीन दिवस, त्यांत एक रविवार धरून, सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते आठ या वेळेत बागेत कोणीतरी बसावे आणि दर अर्ध्या तासाला कोण कुठे आहे ते बागेच्या हाताने काढलेल्या नकाशावर लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून जे दिसते ते सभांमध्ये कधीच निघत नाही. एका ठिकाणी रहिवाशांची सार्वत्रिक समजूत अशी होती की संध्याकाळी बागेत पाय ठेवायला जागा नसते. नकाशावर दिसले ते असे की सारी गर्दी खेळण्यांच्या कोपऱ्यात आणि कारंज्याभोवती होती, आणि पश्चिमेच्या भिंतीलगतचा मातीचा पट्टा पाच वाजल्यापासून सावलीत असूनही रिकामा होता. आमचा संपूर्ण उपक्रम पुढे त्या एका पट्ट्यावर चालला.

हिरवळीबद्दल उद्यान विभागाचे म्हणणे तुम्ही अडवणूक समजू नये; त्यात तथ्य आहे. चाळीस मुले आठ दिवस एकाच जागी लंगडी खेळली तर ती जागा बोडकी होते. मात्र ती पुन्हा भरते की नाही हे गवताच्या जातीवर ठरते. साधी हरळी किंवा तिच्यातूनच निवडलेले ‘सिलेक्शन वन’ असेल तर ते तुडवणूक बऱ्यापैकी सोसते आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात आपोआप पसरून जागा भरून काढते; ‘मेक्सिकन लॉन’ दिसायला मऊ आणि दाट असले तरी वाढीला अतिशय मंद असते, आणि त्यावर एकदा पडलेला चट्टा महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून माळीदादांना प्रथम विचारा की लॉन कोणते आहे. धावण्याचे सगळे खेळ मातीवर घ्या, लॉनवर फक्त बसून करायचे उपक्रम घ्या, आणि त्यांचीही जागा दर तीन दिवसांनी बदला. हे तुम्ही अर्जात नकाशासह लिहून दिलेत की विभागाची निम्मी भीती जाते. पाण्याची वेळही त्याच वेळी ठरवून टाकावी: संध्याकाळच्या सत्रानंतर, म्हणजे साडेसातला, पाणी सोडायचे. ओल्या मातीवर खो-खो घेतल्यास मुले घसरतात आणि माळ्याचा पाइप ओलांडताना पडतात, हे मी पुरेसे पाहिले आहे.

पाण्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक इशारा देतो, कारण तो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. बहुतेक बागांना कूपनलिकेचे किंवा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी दिले जाते. ते झाडांसाठी योग्य असले तरी पिण्याचे नसते, आणि उन्हात खेळून आलेले मूल हा फरक करत नाही. आमच्या पहिल्याच वर्षी एक सात-आठ वर्षांचा मुलगा लॉनवर पडलेला पाइप उचलून, तोंडाला लावून, डोळे मिटून पाणी पिताना मला दिसला. मी ओरडेपर्यंत त्याचे पिऊन झाले होते आणि तो पाइप मागच्या मुलीच्या हातात देत होता. त्या दिवसापासून प्रवेशद्वाराशी, म्हणजे मुलांना वळसा घालावा लागणार नाही अशा जागी, झाकणाचे आणि तोटीचे दोन माठ ठेवणे हे आमचे पहिले काम झाले. बाकीची तयारी त्यानंतर होते. माठ सावलीत तिवईवर ठेवावेत, रोज घासावेत, आणि ते भरण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. ‘सगळे मिळून भरू’ असे ठरले की चौथ्या दिवशी माठ कोरडा असतो.

उन्हाच्या बाबतीत मात्र परिस्थितीनुसार सूट देण्याचा प्रश्नच येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारच्या उघड्यावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली. तिथे तर प्रौढ माणसे होती. सकाळचे सत्र नऊला संपवायचे, म्हणजे नऊला आवरायला घ्यायचे नाही, तर नऊला मुले फाटकाबाहेर असली पाहिजेत. संध्याकाळचे पाचच्या आत सुरू करायचे नाही. मधल्या वेळेत ज्यांना काही घ्यायचेच असेल त्यांनी जवळच्या महापालिका शाळेचे दोन वर्ग मागावेत. मे महिन्यात इमारत रिकामी असते आणि पंखे असतात, मात्र शिक्षण विभागाची लेखी परवानगी आणि किल्ली कोणाकडे राहणार याची नोंद या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. घसरगुंडी पत्र्याची किंवा स्टीलची असेल तर संध्याकाळी मुलांना सोडण्यापूर्वी तिच्यावर हाताची मागची बाजू पाच आकडे मोजेपर्यंत टेकवून पाहावी. टेकवता आली नाही तर दोरी बांधून ती बंद ठेवावी. काळ्या रबरी फरशाही तितक्याच तापतात आणि मुले चपला काढून त्यांवर उभी राहतात. एखादे मूल मळमळते म्हणाले, चक्कर येते म्हणाले, तर त्याला सावलीत आडवे करून ओल्या फडक्याने पुसावे आणि घोट घोट पाणी द्यावे. घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मूल बरळू लागले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग तापून कोरडे पडले तर तोंडात काहीही न घालता, अंग गार करत राहून १०८ ला फोन करावा.

पुण्यात मेच्या मध्यानंतर वळिवाचे दिवस येतात आणि ते उन्हाइतकेच गंभीर असतात. दुपारी चारनंतर आभाळ भरते, वारा सुटतो आणि गुलमोहराची फांदी, जी दिसायला सर्वांत देखणी आणि मोडायला सर्वांत सोपी, खाली येते. पर्जन्यवृक्षाच्या वाळक्या फांद्यांचेही तसेच. त्यामुळे मार्चमध्येच उद्यान विभागाकडून झाडांची पाहणी करून घ्यावी. स्वतः कुऱ्हाड लावू नये, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार छाटणीलाही परवानगी लागते. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारे ॲप एका तरी ताईच्या, म्हणजे मुले सांभाळणाऱ्या कार्यकर्तीच्या, फोनमध्ये असू द्यावे. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा आणि झाडाखाली नव्हे, पक्क्या छताखाली जायचे, हे मुलांना पहिल्या दिवशीच खेळासारखे करून शिकवावे. आमच्याकडे तीन शिट्ट्या म्हणजे छत, असा संकेत असे.

आवाजाच्या तक्रारीवर माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही, तरी सांगतो: ध्वनिक्षेपक वापरूच नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर नियम आणखी कडक होतात. ध्वनिक्षेपक वगळला की पोलीस परवानगीची धावपळ जाते, समोरच्या इमारतीची मुख्य हरकत जाते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याला शिट्टी आणि स्वतःचा आवाज यांवर साठ मुले सांभाळता येत नाहीत असा माणूस आपोआप बाहेर पडतो. मुलांच्या हसण्या-ओरडण्याचा आवाज होणारच. त्यासाठी समोरच्या इमारतीत सुरुवातीपूर्वी दारोदार जाऊन वेळा सांगाव्यात आणि एक फोन क्रमांक द्यावा. तक्रार करणाऱ्या आजोबांना आम्ही एकदा बुद्धिबळाचा कोपरा सांभाळायला दिला होता. ते सहा वाजता येत आणि आम्हालाच उशीर झाला म्हणून रागवत.

आता उपक्रमांकडे वळतो. पुण्याला उन्हाळ्यातले सार्वजनिक उपक्रम नवे नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला याच ऋतूतली. तिच्याकडून एक व्यावहारिक गोष्ट घेण्यासारखी आहे: ठरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी तिथे काहीतरी आहे हे लोकांना माहीत असते, म्हणून ते आजचा विषय न पाहताही जातात. बागेतल्या उपक्रमाचेही असेच व्हायला हवे. आठवड्यातून दोनदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा रोज दोन तास छोटे काहीतरी असणे केव्हाही चांगले, कारण ज्या मुलाच्या घरी व्हॉट्सॲपवरचे वेळापत्रक कोणी वाचत नाही त्यालाही पाच वाजले की बागेत ताई असते एवढे कळते. सारसबागेजवळचे गरवारे बालभवन, ज्याची धुरा शोभा भागवत यांनी अनेक वर्षे वाहिली, त्याचा पायाही मुलांनी नियमाने येऊन मोकळेपणाने खेळण्याचाच आहे. तुमच्या बत्तीस उपक्रमांपैकी मी रोजचे तीन ठेवीन: मातीवरचा एक धावण्याचा खेळ, सावलीतले एक हातकाम आणि शेवटची वीस मिनिटे गोष्ट.

धावण्याच्या खेळांत लगोरी, लंगडी, खो-खो, विषामृत, साखळी आणि जागा असेल तर आट्यापाट्या एवढे महिनाभर पुरतात. या खेळांना सामान जवळजवळ लागत नाही, आणि सात फरशीचे तुकडे व एक रबरी चेंडू हरवला तरी कोणाचे बिल अडत नाही. लंगडीचा विशेष फायदा असा की ती लहान जागेत होते, एका पायावर असल्यामुळे मोठ्या मुलांचा वेग आपोआप कमी होतो, आणि सहा वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या मुलाला चकवू शकते. हातकामात माती, कागद, सुतळी, वाळलेली पाने आणि शेंगा यांच्यापलीकडे जाऊ नये. गुलमोहराच्या लांब शेंगा मे महिन्यात बागेतच पडलेल्या असतात. त्या हलवल्या की खुळखुळ्यासारख्या वाजतात, आणि त्यांवर रंगकाम करून मुलांनी केलेला वाद्यवृंद हा आमच्याकडचा एकमेव कार्यक्रम होता ज्यासाठी पालक न बोलावता थांबले. रोबोटिक्स वाईट नाही, पण ते उघड्या बागेत धुळीत आणि उन्हात करायचे काम नाही. शाळेचे वर्ग मिळाले तर तिथे घ्यावे.

ज्येष्ठांना या आखणीच्या बाहेर ठेवू नका. सकाळची बाग ही त्यांचीच आहे असे मानून मुलांचे सकाळचे सत्र आठवड्यातून तीनच दिवस ठेवावे, असे माझे मत आहे. हास्यक्लबाची कल्पनाही अशाच सकाळच्या बागेत जन्मली. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी मोजक्या पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. तुमच्याकडच्या योगवर्गातील दोन-तीन मंडळींना संध्याकाळच्या गोष्टीसाठी बोलावले तर सकाळच्या जागेचा वाद बराच सौम्य होतो. मोठ्या मुलांच्या क्रिकेटचाही प्रश्न हाकलून सुटत नाही. त्यांना सकाळी साडेसहा ते आठ हा वेळ मैदानाच्या एका बाजूस द्यावा आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी दोघा-तिघांनी लहानांच्या खेळात पंच म्हणून उभे राहावे, असा सौदा करावा. पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवली की तो किती बदलतो हे पाहण्यासारखे असते.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण येथे बहुतेक उपक्रम नकळत नापास होतात. एका बागेत आमच्याकडे दहा ते चौदा वयाच्या मुली पाच वाजता उत्साहाने येत आणि सहाच्या सुमारास एकेक करून निघून जात. आम्ही समजलो, त्यांना घरकाम असेल. दोन आठवड्यांनी एका मुलीने ताईला सांगितले की स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली रखवालदाराकडे असते, आणि त्याच्याकडे जाऊन ती मागायची लाज वाटते, म्हणून त्या घरी जातात आणि मग पुन्हा येणे होत नाही. त्या दिवशी किल्ली ताईच्या कमरेला आली आणि पुढच्या आठवड्यात मुली सातपर्यंत थांबू लागल्या. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्या बागेची असंख्य वेळा पाहणी केली होती आणि प्रत्येक अहवालात ‘स्वच्छतागृह उपलब्ध’ असे लिहिले होते. म्हणून तुम्हाला सांगतो, सुरू करण्यापूर्वी संध्याकाळी सहा वाजता स्वतः जाऊन दार ढकलून पाहा, आत पाणी आणि दिवा आहे का पाहा. रोजच्या सत्रात एक तरी स्त्री कार्यकर्ती हवीच, आणि आठवड्यातून दोन दिवस मातीचा पट्टा एक तास फक्त मुलींचा असावा.

शुल्क घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. नाममात्र शुल्क घेतल्याने लोक गांभीर्याने येतात, असा युक्तिवाद नेहमी होतो आणि खासगी शिबिरासाठी तो खराही असेल. सार्वजनिक बागेत मात्र नाममात्र शुल्क आणि आगाऊ अर्ज यांमुळे नेमकी तीच मुले गळतात ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे: रखवालदाराची, घरकाम करणाऱ्या बाईंची, शेजारच्या बांधकामावरची. त्यांना शंभर रुपयांपेक्षा अर्ज भरण्याचीच अडचण अधिक असते. म्हणून नावनोंदणी रोजची ठेवावी. फाटकाशी एक वही, तीत नाव, वय, राहण्याची जागा आणि घरच्यांचा फोन. फोन नसेल तर कोणाबरोबर घरी जाणार त्याचे नाव. ज्या हातकामाला सामान मोजकेच आहे त्याच्या पंचवीस जागांपैकी निम्म्या त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी राखाव्यात. बांधकामावरची मुले हिंदी, तेलुगू किंवा आणखी कोणती भाषा बोलतील. लगोरीचे नियम हातवाऱ्यांनी शिकवता येतात, त्यामुळे ती अडचण पहिल्या अर्ध्या तासापुरतीच राहते.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझे नियम थोडे पण न मोडण्याचे आहेत. पंधरा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ असावा. कोणत्याही वेळी कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर आडोशाला नसावा. आठ वर्षांखालील मूल वहीत नाव असलेल्या माणसाबरोबरच फाटकाबाहेर जावे. स्वयंसेवकांकडून ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची त्यांना तोंडी तरी स्पष्ट कल्पना द्यावी. काहीजणांना हे अपमानास्पद वाटते; ज्यांना वाटते त्यांना मी नम्रपणे दुसरे काम देतो. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक माठांच्या वर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा.

पैशांच्या बाबतीत लोकांची गफलत वेळेची असते. महापालिकेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि आपला उपक्रम एप्रिलमध्ये सुरू होतो. म्हणजे जुन्या वर्षाचा निधी संपलेला आणि नव्याचा अजून वाटपात न आलेला, अशा बरोबर पोकळीत तो पडतो. आम्ही एका वर्षी मंजुरीच्या भरवशावर ताई-दादांना मानधन कबूल केले आणि ते त्यांच्या हाती पडेपर्यंत गणपती आले. त्यांतले दोन चांगले कार्यकर्ते पुढच्या वर्षी आले नाहीत आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची सोय आहे आणि त्याचे अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. त्या वाटेने बाकडी, दिवे, पाण्याची तोटी, सावलीचे छत अशी टिकाऊ कामे मागावीत, कारण ती अंदाजपत्रकात सहज बसतात. मानधन आणि माठ-पाण्याचा पहिल्या तीन आठवड्यांचा खर्च सोसायट्यांच्या वर्गणीतून किंवा परिसरातल्या दुकानदारांकडून उभा करावा. माझ्या हिशेबात दहा रुपयांतले सहा माणसांवर, दोन पाणी आणि प्रथमोपचारावर, एक सामानावर जातो आणि एक हाताशी ठेवावा लागतो. मंडप, फलक, टी-शर्ट आणि स्मृतिचिन्हे यांना या दहांत जागा नाही. उद्‌घाटनालाही नाही. पाहुणे उशिरा येतात आणि मुले उन्हात बसतात, हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता पहिला दिवस मी कोणाला सांगतच नाही.

परवानगीचा अर्ज क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान विभाग या दोघांना एकाच दिवशी द्यावा आणि दोन्हींकडून पोच घ्यावी. त्यात तारखा, वेळा, जागेचा नकाशा, ध्वनिक्षेपक नसल्याचा स्पष्ट उल्लेख, रोजची सफाई कोण करणार आणि जबाबदार दोन व्यक्तींची नावे असावीत. उद्याने आणि क्रीडांगणे पुरवणे हे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत नोंदलेले आहे, त्यामुळे आपण मेहेरबानी मागत नाही. तरीही अर्जात कलमे फेकण्यापेक्षा नकाशा जोडणे अधिक उपयोगी पडते. अर्ज देण्यापूर्वी बागेच्या माळ्याला आणि रखवालदाराला भेटा. साहेबांनी ‘होय’ म्हटले आणि माळ्याने ‘नाही’ म्हटले तर व्यवहारात ‘नाही’ होते.

थोडक्यात क्रम असा: तीन दिवसांची पाहणी, मग वेळापत्रक, मग माळी आणि समोरची इमारत, मग अर्ज, आणि सर्वांत शेवटी उपक्रम. तुम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस विचारत आहात, तेव्हा या वर्षी दोन महिन्यांचा आग्रह धरू नका. मे महिन्याचे पहिले तीन आठवडे, फक्त संध्याकाळचे सत्र, पाच ते सात, एवढेच ठरवा. सकाळचे पुढच्या वर्षी पाहता येईल. वळीव लवकर आला तर त्यातलेही चार-पाच दिवस जातील, ते गृहीत धरा.

फाटकाशी ठेवलेल्या वहीत शेवटचा एक रकाना मोकळा ठेवा आणि त्याला ‘किती वाजता गेला’ असे नाव द्या. पहिल्या आठवड्यात हा रकाना भरणे ताईंना निरर्थक वाटेल. आमच्या मुली सहाला जातात हे आम्हाला त्याच रकान्यातून कळले होते. तुमच्याकडे त्यातून काय निघते ते मे संपल्यावर याच ठिकाणी लिहा. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाबद्दल तेव्हा बोलू.